वारसा उद्यानातील श्रमदान : हात पुष्कळ आणि जाणकार मोजके, तर समन्वय कसा साधावा?

प्रश्न : डोंगरवाट

नमस्कार. मी सात वर्षांपासून हवाईतील ओआहु बेटावर राहते आणि गेल्या दीड वर्षापासून येथील एका लहान वारसा उद्यानात स्वयंसेवकांच्या समन्वयाचे काम पाहते. उद्यानाचे नाव मुद्दाम देत नाही, कारण पुढे सांगितलेल्या प्रसंगात चूक माझी आहे आणि त्यावरून तेथील कोणाला अवघडल्यासारखे होऊ नये, अशी माझी इच्छा आहे.

उद्यान डोंगराच्या पायथ्याशी, ओढ्याच्या काठावर आहे. त्यात कालोची म्हणजे अळूची जुनी खाचरे आहेत, त्यांना येथे लोइ म्हणतात. ओढ्याचे पाणी त्यांच्यापर्यंत आणणारा आउवाइ नावाचा पाट आहे. काही घरांची जोती आहेत, आणि चुना किंवा माती न वापरता नुसता दगडावर दगड बसवून रचलेले गडगे आहेत. ज्यांचे पूर्वज हे खोरे कसत होते अशी चार कुटुंबे आजही शेजारच्या वस्तीत राहतात आणि खाचरांची खरी देखभाल त्यांच्याच हातून होते. माझ्याकडे दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारच्या श्रमदानाची व्यवस्था आहे : माणसे जमवणे, कामे वाटून देणे, अवजारे आणि हातमोजे पुरवणे, तासांची नोंद ठेवणे आणि सर्वांना सुखरूप घरी पाठवणे.

येणाऱ्यांत शाळा-महाविद्यालयांचे गट असतात, कंपन्यांचे कर्मचारी असतात, मुख्य भूमीवरून येऊन स्थायिक झालेले निवृत्त लोक असतात आणि अलीकडे पर्यटकही असतात. येथील पर्यटन प्राधिकरणाने २०२० मध्ये ‘मालामा हवाई’ हा उपक्रम सुरू केला आणि श्रमदान करणाऱ्या पाहुण्यांना काही हॉटेले एक रात्र मोफत देऊ लागली, तेव्हापासून अशी विचारणा वाढली आहे. मला हे चांगलेच वाटत होते, आणि अजूनही वाटते.

मार्च महिन्यात मी आमंत्रण सगळीकडे पाठवले. एरवी पस्तीस-चाळीस माणसे येतात, त्या दिवशी १३० आली. कोणाला परत पाठवणे माझ्या जिवावर आले, म्हणून मी सहा गट केले. काम जाणणारी माणसे मात्र पाचच होती. खाचरातील गवत उपटायला पाठवलेल्या एका गटाने गवताबरोबर दोन आठवड्यांपूर्वी लावलेली हुलीही उपटून बांधावर ढीग घातला. हुली म्हणजे कंदाचा वरचा पातळ काप आणि त्यावरचा हातभर देठ. कालोची लावणी यापासूनच होते. नव्या हुलीला सुरुवातीला जेमतेम एखादे गुंडाळलेले पान असते, त्यामुळे ज्याने ती कधी पाहिली नाही त्याला चिखलात रोवलेली काडीच दिसते. दुसऱ्या गटाने गडग्याच्या ढासळलेल्या भागाशेजारचा चांगला भाग स्वतःहून ‘नीट’ करायला घेतला आणि तळाचे दोन दगड बाहेर आल्यासारखे दिसतात म्हणून काढून टाकले. पुढच्या मोठ्या पावसात तेवढी भिंत हातभर खचली.

त्या चार कुटुंबांपैकी एका घरातील आंटी त्या दिवशी तेथे होत्या. (येथे नाते असो वा नसो, वडीलधाऱ्यांना आंटी आणि अंकल म्हणतात.) त्या कोणालाही काही बोलल्या नाहीत. त्यांनी बादली आणली, ढिगातून हुली एकेक करून निवडल्या, पाण्यात बुचकळून कोवळ्या मुळांत अडकलेले गवत अंगठ्याने अलगद सोडवले, आणि सगळे निघून गेल्यावर नातवाला सोबत घेऊन उरलेल्या उजेडात त्या परत लावत राहिल्या. मी मदतीला उतरले तेव्हा त्यांनी फक्त देठ कुठे धरायचा ते दाखवले. एप्रिल आणि मे महिन्यांतील श्रमदानाला त्या कुटुंबांपैकी कोणीही आले नाही.

आता मला कळत नाही की सुरुवात कुठून करावी. माणसांची संख्या मर्यादित करावी का, आणि करायची तर कोणत्या हिशेबाने? पर्यटक आणि एकदाच येणारे गट यांना घ्यावे की घेऊ नये? श्रमदानाच्या आरंभी प्रवेशद्वारापाशी ओली म्हणजे पारंपरिक पठण होत असे, ते कुटुंबे नसल्यामुळे थांबले आहे. ते मी किंवा दुसऱ्या एखाद्या स्वयंसेवकाने म्हणावे का? आणि सर्वांत महत्त्वाचे, त्या कुटुंबांपाशी मी कशी जाऊ? ज्यांनी अशा ठिकाणी काम केले आहे त्यांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

उत्तर १ : कोरडी रचाई

मी नऊ वर्षांपासून हेएइआ येथील मत्स्यतलावाच्या भिंतीवर जमेल तेव्हा श्रमदान करतो, म्हणून दगडाच्या बाजूने लिहितो. कुटुंबांविषयीचे उत्तर माझ्याहून अधिक अधिकाराने देणारे कोणी येथे असेल.

हेएइआचा तलाव ८८ एकरांचा आहे आणि त्याला वेढणारी भिंत सुमारे दोन किलोमीटर लांब आहे. दोन्ही अंगांना काळा दगड आणि मध्ये पोवळ्याची भर, अशी तिची रचना आहे. १९६५ च्या पुरात तिला मोठे खिंडार पडले आणि ते कित्येक दशके तसेच राहिले. पाएपाए ओ हेएइआ ही संस्था २००१ पासून हा तलाव सांभाळते आहे आणि डिसेंबर २०१५ मध्ये ते शेवटचे खिंडार बुजवण्यासाठी सुमारे दोन हजार माणसे जमली. इतकी माणसे एका जागी सामावली याचे कारण असे की बहुतेकांचे काम ओळीत उभे राहून दगड एका हातातून दुसऱ्या हातात देण्याचे होते. ही रीत आजची नाही. हवाई या नावाच्याच सर्वांत मोठ्या बेटावरील पुउकोहोला हेइआउ हे मंदिर पुढे सर्व बेटांचा राजा झालेल्या कामेहामेहाने १७९०-९१ मध्ये बांधवले तेव्हा पोलोलू खोऱ्यापासून तीस किलोमीटरहून लांब माणसांची साखळी उभी राहिली आणि दगड हातोहात आले, असे परंपरा सांगते. अनेक हातांनी मिळून केलेल्या कामाला हवाईयन भाषेत लाउलिमा म्हणतात, आणि साखळीत उभे राहिल्यावर तो शब्द अंगातून कळतो. डावीकडून दगड येतो, त्याचे वजन कळते, शेजाऱ्याचे नाव कळते, आणि तासाभराने सगळ्यांचा श्वास एका लयीत चालू लागतो.

साखळीत हजार माणसे चालतात, पण भिंतीवर चालत नाहीत, हे आपण नीट लक्षात घ्यावे. येथील कोरड्या रचाईला उहाऊ हुमू पोहाकु म्हणतात. तिच्या तळाला जे मोठे दगड बसतात त्यांना निहो म्हणजे दात असे नाव आहे, आणि दातासारखेच ते जमिनीत रुतवून किंचित पुढे ठेवलेले असतात. आपल्या स्वयंसेवकांनी ‘बाहेर आलेले’ म्हणून जे दोन दगड काढले, ते बहुधा निहोच असावेत. त्यांच्यावर चढत जाणारा प्रत्येक दगड खालच्या दोन दगडांच्या सांध्यावर बसतो, त्याची लांब बाजू भिंतीच्या पोटात जाते आणि फक्त तोंड बाहेर राहते. नवखा माणूस नेमके उलटे करतो, कारण त्याला रुंद, सपाट बाजू दर्शनी ठेवावीशी वाटते. पोटात भरण्याच्या लहान दगडांना हाकाहाका म्हणतात. ही भर म्हणजे कचरा टाकण्याची जागा नव्हे, प्रत्येक चिप हाताने ठोकून बसवावी लागते, आणि याच भरीतून पाणी वाट काढते म्हणून भिंत पावसात टिकते. आमच्याकडे बसवलेल्या दगडावर उभे राहून पाहतात. तो हलला तर काढून पुन्हा बसवतात, मग त्यात अर्धा तास गेला तरी चालते.

म्हणून माझा हिशेब सरळ आहे. आधी त्या शनिवारी जाणकार किती येणार हे पक्के करावे आणि मग एका जाणकारामागे आठ माणसे या प्रमाणात नोंदणी उघडावी. पाच जाणकार असतील तर चाळीस माणसे, आणि नोंदणी भरली की ती बंद. जाणकार वाढल्याशिवाय संख्या वाढवू नये. त्यासाठी दर महिन्याला जे सात-आठ जण पुन्हा पुन्हा येतात त्यांना हेरून निराळ्या दिवशी, घाई नसताना, शिकण्यासाठी बोलवावे. मी स्वतः पहिले वर्षभर हाकाहाकाचे दगड निवडण्यापलीकडे काही केले नाही. तीन आकारांचे तीन ढीग करायचे, एवढेच. त्या वर्षात दगड पाहायला शिकलो.

आणखी दोन गोष्टी तातडीने कराव्यात. लावून तीन महिने झाले नाहीत अशा खाचरांभोवती दोरी बांधून तेथे नवख्यांना उतरू देऊ नये. चांगल्या भिंतीला हात लावायचा नाही, हे दिवसाच्या आरंभी भिंतीजवळ उभे राहून, बोटाने दाखवून सांगावे. कागदावर लिहून दिलेले कोणी वाचत नाही.

उत्तर २ : चंद्राची वही

ताई, तुमचा प्रश्न वाचताना आंटींच्या बादलीपाशी मी बराच वेळ थांबले. मी हिलो येथे राहते आणि सहा वर्षांपासून हवाईयन भाषा शिकते आहे. जे शिकले ते माझ्या शिक्षकांचे आहे, एवढे आधी सांगते.

उपटलेल्या हुलीचे दुःख रोपांच्या नुकसानीपेक्षा मोठे आहे, हे तुम्हाला जाणवले असेलच. हवाईयन कथेतील आकाशपिता वाकेआ आणि होओहोकूकालानी यांचे पहिले अपत्य मृत जन्मले, त्याला जमिनीत पुरले आणि तेथून कालो उगवला. त्यानंतर जन्मलेला हालोआ हा माणसांचा पूर्वज. अशी ती कथा आहे, आणि तिच्या नात्याने कालो हा माणसाचा थोरला भाऊ ठरतो. मूळ कंदाला फुटणाऱ्या पिल्लाला ओहा म्हणतात आणि कुटुंबाला ओहाना, हे शब्दही त्याच मुळातून आलेले आहेत. ज्या घरात ही कथा लहानपणापासून सांगितली जाते, तेथील बाईला बांधावरचा तो ढीग कसा दिसला असेल, याचा विचार करून पाहा.

म्हणून पहिले पाऊल नोंदणीचे नसावे. तुम्ही आंटींच्या घरी जा. संस्थेच्या बैठकीचे निमंत्रण, नियोजनाचा तक्ता किंवा अहवाल असे काही सोबत नेऊ नका, काही मागूही नका. जाताना रिकाम्या हाताने जाऊ नये. येथे अशा भेटीत नेतात त्याला होओकुपु म्हणतात आणि त्यात किमतीपेक्षा स्वतःच्या हाताला महत्त्व असते, तेव्हा स्वतः पिकवलेले किंवा स्वतः रांधलेले काही न्या. झाले ते आपल्या तोंडाने सांगा आणि गप्प बसा. उत्तर त्या दिवशी मिळेलच असे नाही.

ओलीविषयी माझे मत ठाम आहे. पाहुणे प्रवेशाची परवानगी मागतात ती ओली काहेआ, आणि यजमान त्यांना आत घेतात ती ओली कोमो. ही खरी परवानगी असते. विचारणारा आणि उत्तर देणारा दोघेही हवेत, आणि उत्तर देण्याचा अधिकार त्या भूमीच्या माणसांचा आहे. घरात कोणी नसताना आपणच दार वाजवून आपणच ‘या’ म्हणण्यासारखे ते होईल. कुटुंबाने तुम्हाला शिकवले आणि म्हणायला सांगितले, तर विचारणाऱ्यांच्या बाजूने अवश्य म्हणा. तोपर्यंत दारापाशी सर्वांनी क्षणभर शांत उभे राहणे आणि ही जागा कोणाची आहे ते साध्या शब्दांत सांगणे पुरेसे आहे. त्या वेळी फोन खिशात ठेवायला सांगा. १८९६ च्या कायद्याने शाळांतून हवाईयन माध्यम गेले, मुलांना घरची भाषा बोलल्याबद्दल शिक्षा झाल्या, आणि १९७८ मध्ये ती पुन्हा राज्याची अधिकृत भाषा झाली तोवर ती सहज बोलणारी माणसे फार थोडी उरली होती. आज एखादी आजी प्रवेशद्वाराशी ओली म्हणते तेव्हा तिच्या आवाजामागे एवढे सगळे असते. त्याचे चित्रीकरण करून लोकांनी ते सहलीच्या फोटोंत मिसळावे, हे मला पाहवत नाही.

कुटुंबे पुन्हा बोलू लागली की दिवस त्यांना ठरवू द्या. ‘दुसरा शनिवार’ ही आपल्या सोयीची गोष्ट आहे. येथील पंचांगात चांद्रमासाच्या तीस रात्रींना तीस नावे आहेत. त्यांतल्या ओले नावाच्या रात्री महिन्यातून दोनदा येतात, सातवी ते दहावी आणि एकविसावी ते तेविसावी, म्हणजे साधारणपणे शुद्ध सप्तमी-दशमीच्या आणि वद्य षष्ठी-अष्टमीच्या सुमारास. ओले म्हणजे ‘नाही’. या दिवसांत लावणी टाळतात आणि खुरपणी, डागडुजी, पाटाची सफाई, अवजारांना धार लावणे अशी कामे करतात. पौर्णिमेच्या आसपासच्या होकू आणि माहेआलानी या रात्रींचे दिवस लावणीला चांगले मानतात. तुमच्या दृष्टीने याचा व्यावहारिक लाभ असा की नवख्यांसाठी सोपी असलेली बहुतेक कामे ओलेच्या दिवसांत आपोआप जमतात, आणि लावणीच्या दिवशी कुटुंबांना हवी तेवढीच माणसे बोलावता येतात. शनिवार प्रत्येक महिन्यात अचूक जुळणार नाही. दोन-तीन महिन्यांच्या तारखा आंटींसमोर बसून एकदम काढाव्यात.

कुलेआना हा शब्द तुमच्या कानावर रोज पडत असेल. त्यात हक्क आणि जबाबदारी एकत्र येतात, आणि १८५० च्या कायद्याने सामान्य कसणाऱ्यांना मिळालेल्या जमिनीच्या तुकड्यांनाही कुलेआनाच म्हणतात. उद्यानातील कोणते काम कोणाचे कुलेआना आहे, हे एकदा त्या चार कुटुंबांकडून समजून घेतले, तर गट पाडणे फार सोपे होईल.

उत्तर ३ : दुसरी पाळी

वरील दोन्ही उत्तरांशी मी सहमत आहे. नियमांची बाजू कोणी लिहिली नाही, म्हणून थोडे लिहितो. मी हवाई बेटावरील एका राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यानात स्वयंसेवक आहे. आपले उद्यान संघराज्य सरकारचे नसल्यास कागदपत्रे निराळी असतील, पण तत्त्व तेच आहे.

राष्ट्रीय उद्यानांत १९७० च्या कायद्यानुसार प्रत्येक स्वयंसेवकाशी लेखी करार होतो, त्यात कामाचे वर्णन असते, अठरा वर्षांखालील मुलांसाठी पालकांची सही लागते, आणि करारातील काम करताना इजा झाली तर स्वयंसेवकाला कर्मचाऱ्याप्रमाणे भरपाईचे संरक्षण मिळते. २५० तास भरले की राष्ट्रीय उद्यानांचा वार्षिक पास मिळतो, त्यामुळे तासांची नोंद काटेकोर ठेवावी लागते. कामाचे वर्णन हा भाग आपल्यासाठी उपयोगाचा आहे. ‘खाचर क्रमांक दोनच्या बांधावरील गवत कापणे’ असे लिहिलेले असेल, तर भिंतीला हात लावणे त्यात बसत नाही हे गटप्रमुखाला ठामपणे सांगता येते.

जोती आणि गडगे असलेल्या जागेत सर्वांत गंभीर बाब म्हणजे इवी कुपुना, पूर्वजांच्या अस्थी. माउई बेटावर होनोकाहुआ येथे १९८० च्या दशकाच्या अखेरीस हॉटेलसाठी खोदकाम करताना शेकडो दफने उघडी पडली, त्यावर मोठा विरोध उभा राहिला, काम थांबले आणि १९९० मध्ये राज्याचा कायदा बदलून बेटवार दफन परिषदा स्थापन झाल्या. आज कोठेही अस्थी दिसल्या तर काम तत्काळ थांबवणे, काहीही न हलवणे, आणि राज्याच्या ऐतिहासिक जतन विभागाला व पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. आपल्या शंभर स्वयंसेवकांपैकी किती जणांना हे ठाऊक असते? मला पहिल्या दिवशी ठाऊक नव्हते. पहार हातात देण्याआधी हे सांगितलेच पाहिजे, आणि फोटो काढायचा नाही हेही त्याच श्वासात सांगावे. दगड सरकवल्याने केवळ भिंत बिघडते असे नाही. दगडाची जागा हीच कित्येकदा एकमेव नोंद असते.

उरलेले थोडक्यात सांगतो. अंगावर उघडी जखम असलेल्याला खाचरात उतरू देऊ नये, कारण ओढ्याच्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो. डोंगरावर पाऊस दिसला किंवा ओढ्याचे पाणी गढूळ झाले, की आपल्याकडे ऊन असले तरी सर्वांना वर काढावे. ओहिआ वृक्षांना मारणारी बुरशी चिखलातून पसरते, म्हणून येताना आणि जाताना बुटांचे तळवे घासून त्यांवर ७० टक्के अल्कोहोल फवारावे.

एक गोष्ट मनापासून सांगावीशी वाटते. कोना किनाऱ्यावरील कालोको-होनोकोहाउ उद्यान १९७८ मध्ये ज्या कायद्याने स्थापन झाले त्यात मूळ हवाईयन संस्कृतीचे जतन आणि विवेचन यांच्या जोडीला ती पुढे चालू ठेवणे हाही उद्देश स्पष्ट लिहिला आहे. आपल्या उद्यानाला तो कायदा लागू नसला, तरी चार कुटुंबे दोन महिने आली नाहीत हे भिंत खचण्यापेक्षा मोठे नुकसान आहे, असे मी त्याच आधारावर म्हणेन. संस्थेच्या अहवालात स्वयंसेवकांच्या तासांचा रकाना असतो. कुटुंबांतील किती माणसे आली याचाही रकाना मागून घ्या.

उत्तर ४ : एकदाच आलेला

मी हवाईत राहत नाही. पर्यटक म्हणून गेलो असताना कौआई बेटावर एक सकाळ श्रमदान केले होते, तेवढ्याच अनुभवावर लिहितो आहे, आणि वरील चर्चेतील एका सुराशी माझा थोडा मतभेद आहे. २०१९ मध्ये सुमारे चौदा लाख लोकवस्तीच्या या बेटांवर एक कोटीहून अधिक पर्यटक आले होते. त्यांच्यातील जे सुटीतली एक सकाळ चिखलात घालवायला तयार आहेत, त्यांना अडचण म्हणून पाहू नये.

मला त्या सकाळी काय दिले होते? ताडपत्रीचे एक टोक. दुसरे टोक एका शाळकरी मुलाकडे होते. खाचरातून काढलेले ओले गवत त्यावर टाकत आणि आम्ही ते ओढत शंभर पावलांवरच्या ढिगाकडे नेत होतो. असे तीन तास चालले. मी एकही रोप लावले नाही, एकही दगड बसवला नाही, आणि मला त्याची खंत वाटली नाही, कारण आरंभीच एका अंकलनी शांतपणे सांगितले होते की लावणी हे घरचे काम आहे, आणि घरच्यांना लावणीसाठी वेळ मिळावा म्हणून तुम्ही गवत वाहणार आहात. काम का दिले आहे हे कळले की हलके कामही माणूस जीव ओतून करतो. एकदाच येणाऱ्याला अवघड काम देणे ही मला चूक वाटते, आणि त्याला दारातून परत पाठवणे हीदेखील.

कोरडी रचाई (उत्तर ४ ला)

आपले म्हणणे मला मान्य आहे, आणि माझ्या लिहिण्यातून पर्यटकांविषयी आकस दिसला असेल तर तो माझ्या मांडणीचा दोष आहे. तरीही प्रमाणाचा मुद्दा मी सोडणार नाही. ताडपत्री ओढणाऱ्यालाही वाटेत कोणत्या जोत्यावर पाय ठेवायचा नाही हे दाखवणारे माणूस सोबत लागते. कौआई बेटावरच हाएना येथे २०१८ च्या पुरानंतर राज्य उद्यान पुन्हा उघडले तेव्हा स्थानिकांच्या सहभागाने दिवसाला ९०० पर्यटकांची मर्यादा घातली गेली आणि आधी आरक्षण करणे आवश्यक झाले. तेथील लोइ ‘हुइ माकाआइनाना ओ माकाना’ ही स्थानिक कुटुंबांची संस्था १९९९ पासून सांभाळते आहे. मर्यादा घातल्याने पाहुण्यांचा अपमान झाला, असे तेथे कोणी म्हणत नाही.

डोंगरवाट (सहा आठवड्यांनी)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. उत्तर द्यायला उशीर झाला, कारण सांगण्यासारखे काही घडल्यावरच लिहावे असे ठरवले होते.

मी आंटींकडे गेले. घरामागे लावलेल्या लिलिकोइच्या, म्हणजे कृष्णफळाच्या रसाचा मुरंबा करून नेला होता. झाले ते सांगितले आणि ‘चंद्राची वही’ यांच्या सल्ल्याप्रमाणे गप्प बसले, आणि ते फार कठीण गेले. त्यांनी मला चहा दिला, माझ्या आईविषयी विचारले, श्रमदानाविषयी एक अक्षरही काढले नाही. दुसऱ्या आठवड्यात त्यांच्या पुतण्याचा फोन आला की आंटींनी चंद्राचे पंचांग काढून ठेवले आहे, वही घेऊन या.

आता पुढच्या तीन महिन्यांचे दिवस ठरले आहेत. दुसरा शनिवार सोडून दिला आहे. ओलेच्या दिवसांत येणाऱ्या शनिवारी खुल्या नोंदणीचे श्रमदान होईल, चाळीस माणसांचे, आणि त्यांत एकदाच येणाऱ्यांसाठी दहा जागा राखीव असतील. त्यांचे काम पाटाच्या वरच्या भागातील गवत वाहून नेण्याचे. लावणीचे दिवस कुटुंबांचे असतील आणि त्या दिवशी किती जणांनी यायचे हे मला आदल्या आठवड्यात कळेल. संस्थेतील वरिष्ठांना हे पटवणे सोपे गेले नाही, कारण देणगीदारांना पाठवायच्या अहवालात १३० हा आकडा चांगला दिसत होता. ‘दुसरी पाळी’ यांनी सुचवलेला रकाना मी त्यांच्यापुढे ठेवला आणि एप्रिल-मेसमोरची दोन शून्ये दाखवली, त्यानंतर बोलणे पुढे सरकले. इवी कुपुनांविषयीची सूचना आता अवजारे वाटण्याआधी दिली जाते, आणि ती देण्याचे काम पुतण्याने स्वतःकडे घेतले आहे.

ओलीविषयी आंटींनी एवढेच म्हटले की घाई नाही. जूनमध्ये त्यांची नात प्रवेशद्वाराच्या आत उभी होती. आम्ही चाळीस जण बाहेर शांत उभे होतो आणि आमच्या वतीने महाविद्यालयातील एका हवाईयन विद्यार्थ्याने विचारले. ती बारा वर्षांची मुलगी पहिल्या दोन ओळींनंतर अडखळली, थांबली, आणि पुन्हा पहिल्यापासून म्हणाली. त्या वेळात कोणी हललेही नाही.

गडग्याचे सांगायचे राहिले. काढलेले ते दोन दगड टाकून दिले गेले असतील अशी माझी समजूत होती. आंटींनी ते त्याच दिवशी उचलवून उलूच्या, म्हणजे नीरफणसाच्या झाडाखाली ठेवले होते, ज्या क्रमाने भिंतीत होते त्याच क्रमाने, तोंडे ओढ्याकडे करून. ते निहोच आहेत आणि आंटींच्या आजोबांनी बसवलेले आहेत. पुढच्या ओलेच्या शनिवारी पुतण्या ते परत बसवणार आहे आणि खचलेली हातभर भिंत तळापासून रचणार आहे. त्यासाठी त्याने चार माणसे मागितली आहेत, याआधी किमान सहा वेळा आलेली, आणि हाकाहाकाचे दगड आदल्या दिवशी निवडून ठेवायला सांगितले आहेत. चौघांना कळवले आहे. शुक्रवारी दुपारी मी तीन ढीग करायला जाणार आहे.